जांभळी चेन

५ मार्च

ताई,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाका. आणि वाचण्याआधी एका जागी बसा, हातात चहा असेल तर खाली ठेवा.

तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून आपण पत्रं लिहितो, ही सवय मला आज पहिल्यांदा बरी वाटली. फोनवर बोलायचं असतं तर ह्यांनी शेजारी बसून कान टवकारले असते. मेसेजवर तर तुम्ही 'बरं'च्या पुढे जात नाही.

मी फसले, ताई. चांगली हातोहात फसले.

स्टँडच्या बाहेर पडायच्या दारापाशी माझं बॅगा शिवायचं मशीन असतं, तुम्ही पाहिलंय. मंगळवारी दुपारी सगळ्या गाड्या एकदम लागल्या होत्या. एका बाईची भलीमोठी बॅग माझ्या मांडीवर, चेनीचा रनर निसटलेला, आणि तिची गाडी सुटायच्या बेतात. तेवढ्यात एक मुलगा आणि एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्रं, हसरे चेहरे. एका तान्ह्या बाळाच्या ऑपरेशनसाठी मदत गोळा करतोय म्हणाली. बाळाचा फोटोही होता. मी डब्यातून सुट्टे काढायला लागले तर मुलगा म्हणाला, मावशी, रोख नको, फोनवरून द्या, म्हणजे हिशेब चोख राहतो. मला ते फार पटलं. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याची बायको ना मी, चोख म्हटलं की विरघळते.

माझे दोन्ही हात बॅगेत. तो म्हणाला, तुमचं काम चालू द्या, नंबर मी टाकतो, तुम्ही फक्त पिन मारा. मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने तो माझ्यासमोर धरला तेव्हा त्याचा अंगठा नेमका रकमेवर होता. अंगठा काढ, असं काही मी म्हटलं नाही. पिन मारला. मुलीने वाकून आभार मानले.

घरी येऊन पाहिलं तर खातं धुतल्यासारखं साफ. दुकानाच्या गाळ्यासाठी साठवलेलं सगळं गेलं. बँकेत जाऊन आले, पोलिसांकडे लिहून दिलं. दोन्हीकडे मला एकच विचारलं, पिन तुम्हीच मारलात ना? मी हो म्हटलं.

ह्यांना सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी तुमचे बंधुराज त्या गाळ्यावरून मुद्दाम चक्कर मारून येतात आणि इकडे तुझं मशीन, इकडे माझे काटे, मधे दोन खुर्च्या, असं हातवारे करून सांगतात. त्यांचं तोंड बघून माझी जीभ उचलत नाही.

तुमची,
शिंपीणबाई

११ मार्च

शिंपीणबाई,

पत्र फाडलेलं नाही, कुलपात ठेवलंय.

आधी रागावून घेते. बॅगेची चेन बघून तू सांगतेस की हा माणूस भांडून घराबाहेर पडलाय, आणि तुला समोरचा अंगठा दिसला नाही? झालं. रागावून झालं. आता जेवलीस का ते सांग, कारण असं काही झालं की तू जेवत नाहीस.

वसतिगृहाच्या मुलींसाठी मी फळ्यावर जे लिहिलंय तेच तुला लिहिते, आणि रेक्टर म्हणून लिहिते, नणंद म्हणून नाही. फोन परक्या हातात द्यायचा नाही. समोरचा कितीही गोड बोलो, कितीही घाईत असो, आपली बोटं, आपला आकडा, आणि पिन मारायच्या आधी रक्कम मोठ्याने वाचायची. घाई त्याची असते, पैसे आपले असतात. खरंच मदत करावीशी वाटली तर नाव विचारून घ्यावं आणि घरी जाऊन चौकशी करावी. खरा असेल तो उद्याही तिथेच असेल.

आणि हल्ली नवीनच निघालंय. अनोळखी नंबरवरून फोन येतो, तुमचा माणूस अडकलाय, आजारी आहे, लगेच पैसे पाठवा. आमच्या दोन मुलींचे आईबाप असे लुबाडले गेले. त्यावर उपाय म्हणून घरात एक खूण ठरवायची. घरच्यांनाच माहीत असलेला शब्द. फोन आला की विचारायचं, खूण काय? सांगता आली नाही तर ठेवून द्यायचा.

आपली खूण 'जांभळी चेन'. माझ्या भावाच्या तपकिरी जाकिटाला तपकिरी चेन मिळाली नाही म्हणून तू जांभळी लावून दिलीस, आणि तो ती गावभर मिरवतो, तीच.

खूण तिघांना माहीत हवी. म्हणजे तुला ती त्याला सांगावी लागेल, आणि का ठरवली हेही सांगावं लागेल. हे मी मुद्दाम केलंय.

ताई

२२ मार्च

ताई,

जेवते आहे, काळजी नसावी.

तुमचे नियम इतके पाळते की काल एका आजोबांनी वेळ विचारली तर मी फोन छातीशी धरून मागे सरकले. ते बिचारे दुसऱ्याकडे गेले. चहावाला म्हणतो, तुमच्याकडे हल्ली बघायचीही भीती वाटते.

ह्यांना अजून सांगितलं नाही. रागावू नका, ऐका. हे लांबच्या बाजारांच्या दौऱ्यावर निघाले. तिकडच्या भाजीबाजारातले मोठे काटे दरवर्षी तपासून द्यायचे असतात, एरवी दुसरा माणूस करतो, यंदा ह्यांनी ते काम मागून घेतलं. का, तर गाळ्याला थोडे कमी पडतायत. थोडे. मी म्हटलं, नका जाऊ, दम लागतो तुम्हाला. तर म्हणाले, तुला दुकानात बसलेली बघितली की दम जाईल. डबा भरून दिला.

जाकीट घालून गेले. चार्जर टेबलावर ठेवून गेले, नेहमीप्रमाणे. आता फोन लागला तर लागला. आले की सांगते, खूणही आणि बाकीचंही. शप्पत.

शिंपीणबाई

२८ मार्च

शिंपीणबाई,

आल्यावर, आल्यावर. त्याचा फोन लागेल तेव्हा सांग. माझ्या साठवणीतले थोडे तुझ्या खात्यात टाकते, पण ते गाळ्यासाठी आहेत, लपवण्यासाठी नाहीत.

तो रागावेल याची तुला भीती नाही. तो रागावणार नाही याची भीती आहे. ओळखते मी तुला.

ताई

६ एप्रिल

ताई,

आज तुमची शिष्या शोभली. आधी पेढे काढा, मग वाचा.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. मागे गर्दीचा गलका, कुणीतरी भाव ओरडतंय. माणूस म्हणतो, बाई, काटेवाल्यांच्या घरून बोलताय का? तुमचे मिस्टर इथे बाजारात खाली बसलेत, छातीत धरलंय, गाडीवाला आधी पैसे मागतोय आणि माझ्याकडे तेवढे नाहीत, लगेच पाठवा.

मग तुमचा फळा डोळ्यांसमोर आला. मी म्हटलं, त्यांना द्या फोन. तर म्हणे, बोलता येत नाहीये त्यांना. मागून कुणीतरी खोकत होतं. मी म्हटलं, नाटक चांगलं बसवलंय, खोकणारासुद्धा आणलाय. आणि मग विचारलं, खूण काय? तो म्हणतो, कसली खूण, बाई? मी म्हटलं, असे खूप पाहिलेत, आणि ठेवला.

पुन्हा आला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा आला तेव्हा नंबरच ब्लॉक केला. चहावाल्याने टाळी दिली. काटेवाले आहेत हे त्याला कसं कळलं, असं तुम्ही विचाराल. अहो, स्टँडच्या भिंतींनाही ते माहीत आहे. त्या दोघांनीच पुढे सांगितलं असणार, ही बाई फसते म्हणून.

लगेच ह्यांना लावून पाहिला. बंद. परवाही बंदच होता, चार्जर इथे माझ्यासमोर पडलाय. नंतर एका बॅगेला चेन उलटी लावली, ती उसवून परत लावली.

पण मी फसले नाही, ताई. एकदा फसले, दुसऱ्यांदा नाही.

शिंपीणबाई

१० एप्रिल

शिंपीणबाई,

शाब्बास. शाब्बास. पुन्हा एकदा शाब्बास. तुझं पत्र मी मुलींना वाचून दाखवलं. खोकणाऱ्याच्या जागी सगळ्या हसल्या. ब्लॉक केलंस ते उत्तम केलंस.

पाकीट बंद करता करता एक मनात आलं. खूण त्याला सांगितली आहेस ना? आणि त्याचा फोन लागला का? उलट टपाली कळव. नाहीतर मेसेज कर, मी या वेळी 'बरं'च्या पुढे जाईन.

ताई

४ मे

ताई,

तुम्ही परत गेलात त्या दिवसापासून लिहायला बसते आणि उठते.

तुम्ही आलात त्या सकाळी पोस्टमन दारात आला होता. मी आत पडून होते, पण दार उघडंच होतं. त्याने तुमच्या हातात तुमचंच पत्र दिलं. तुम्ही अक्षर पाहिलंत आणि ते पिशवीत घातलंत. मी नंतर विचारलं, काय आलं? तुम्ही म्हणालात, काही नाही, विजेचं बिल. ताई, विजेचं बिल निळ्या पाकिटात येत नाही. त्यात शाब्बास असणार हे मला माहीत आहे. मला ते पत्र हवंय.

सगळ्यांच्या देखत सांगता आलं नाही ते आता लिहिते. ह्यांची हत्यारांची पेटी बाजाराच्या कचेरीत पडून होती. कुणीतरी ती उघडली, झाकणाच्या आत पत्ता सापडला, तेव्हा कुठे दवाखान्याने कळवलं. मी मिळेल त्या गाडीत बसले. पोचले तेव्हा उजाडत होतं आणि हे थोड्या वेळापूर्वीच गेले होते. हात अजून गरम होता. इतके दिवस ते तिथे पडून होते आणि मी इथे लोकांच्या चेनी लावत होते, चहावाल्याला टाळ्या देत होते.

डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. चांगला माणूस होता, मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल.

तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की खूण त्यांना का माहीत नव्हती. तुम्ही विचारणार नाही, म्हणून मीच सांगते. मी सांगितलीच नव्हती. खूण सांगितली असती तर पैशांचं सांगावं लागलं असतं. ते फोनवर दोनदा बोलले माझ्याशी, दौऱ्यावर गेल्यावर. दोन्ही वेळा मी काय बोलले, तर वेळेवर जेवा.

ते खोकणं त्यांचं होतं, ताई. एवढी वर्षं शेजारी झोपून मला माझ्या नवऱ्याचं खोकणं ओळखता आलं नाही.

मशीन बंद आहे. फोनही बंद करून डब्यात टाकलाय.

शिंपीणबाई

१० मे

माझी शिंपीणबाई,

पत्र सोबत पाठवते. शाब्बास तीनदा आहे. शेवटच्या ओळी वाच, तिथे माझा प्रश्न आहे. तो प्रश्न मला तुझी फुशारकी वाचताना पडायला हवा होता. पाकीट चिकटवताना पडला आणि तरी मी पाकीट चिकटवून टाकलं. मुलींना वाचून दाखवलं होतं, त्या हसल्या होत्या, मला कौतुक वाटलं होतं. माझा भाऊ खोकत होता आणि मी हसले. हे तू एकटीने घेऊ नकोस, यात माझा वाटा आहे.

फळ्यावरून खुणेचा नियम मी पुसला. दुसऱ्याच दिवशी एका मुलीच्या आईला तसाच खोटा फोन आला, तुमच्या मुलीला अपघात झालाय म्हणून. ती घाबरून पैसे पाठवणार होती, खूण विचारली म्हणून वाचली. मग मी नियम परत लिहिला. लिहिताना खडू तुटला. काय खरं मानायचं, मला समजत नाही.

तुझ्यावर रागावले आहे का? आहे. उगाच नाही म्हणत नाही. तुझ्यावर आहे, माझ्यावर आहे, त्या चार्जरवर आहे, आणि त्या दोन पोरांवर तर इतका आहे की समोर दिसली तर काय करीन सांगता येत नाही. पण तू माझी आहेस. तो गेल्यावर माझं असं तूच उरलीस.

तू त्याला सांगितलं असतंस तर तो काय म्हणाला असता, सांगू? मी लहानपणी त्याचा तराजू मोडला होता, त्याने महिनाभर खपून डबीच्या झाकणांचा केलेला. मी रडत त्याच्याकडे गेले. त्याने तुकडे बघितले आणि म्हणाला, जाऊ दे ताई, आता याहून मोठा करू. तुलाही हेच म्हणाला असता. मोठा गाळा घेऊ.

एक काम कर. तो नंबर ब्लॉकमधून काढ आणि त्या माणसाला फोन लाव. माझ्या भावाजवळ शेवटी कोण होतं ते आपल्याला कळायला हवं. मला ऐकू येत नाही, नाहीतर मीच लावला असता. माझ्यासाठी लाव.

ताई

२९ मे

ताई,

लावला.

तो माणूस तिथल्या भाजीबाजारात हमाली करतो. मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, बाई, मी तुम्हाला परत लावत होतो, लागत नव्हता, दुसऱ्याच्या फोनवरून लावला तर कुणी उचलत नव्हतं. मी म्हटलं, अनोळखी फोन मी उचलतच नव्हते, तुमचा तर बंद केला होता. तो म्हणाला, केलाच असणार, हल्ली कोण कुणावर विश्वास ठेवतो, माझ्या बायकोनेसुद्धा ठेवला नसता. एवढंच. एक वाकडा शब्द नाही.

त्याने सगळं सांगितलं. हे काट्यापाशी खाली बसले, घाम फुटलेला. फोन बंद. माझा नंबर त्यांनी कसाबसा सांगितला, आणि त्यानंतर शब्द फुटेना. तो एका हाताने मला फोन लावत होता आणि दुसऱ्या हाताने ह्यांच्या जाकिटाची चेन खाली ओढत होता, श्वास घेता यावा म्हणून. म्हणाला, रंग लक्षात राहिला बाई, तपकिरी जाकिटाला जांभळी चेन. मऊ चालत होती, लगेच उघडली.

ताई, मी त्याला खूण विचारत होते तेव्हा ती त्याच्या हातात होती.

शेवटी त्याने चार हमालांकडून पैसे जमवले आणि गाडी केली. रोज कामावरून सुटल्यावर दवाखान्यात जायचा. हे मधूनच डोळे उघडायचे आणि दाराकडे बघायचे. मी विचारलं, माझ्याबद्दल काही विचारलं का त्यांनी? तो म्हणाला, बाई, पहिल्याच दिवशी त्यांनी नजरेने विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, वहिनी निघाल्या आहेत. दुसऱ्या दिवशी म्हटलं, वाटेत आहेत, गाडी चुकली. रोज काहीतरी सांगायचो. तेवढं खोटं बोललो, माफ करा.

त्याने माझी माफी मागितली.

मी येते आहे असं समजून हे गेले, ताई. मी खूप रडले. याने बरं वाटतंय की आणखी वाईट, ते मला कळत नाही. दोन्ही वाटतंय.

गाडीचे पैसे पाठवू का विचारलं. नको म्हणाला. मग म्हणाला, द्यायचेच असतील तर माझी बॅग फाटलीय, कधी आलात तर शिवून द्या.

शिंपीणबाई

५ जून

शिंपीणबाई,

पत्र वाचलं. आज मुलींना सुट्टी दिली आणि दार लावून बसले.

जाकीट तुझ्याकडेच ठेव, मला नको. मशीन उघड. त्या माणसाची बॅग शिवायची आहे, हात बसून राहिला तर टाके वाकडे पडतील.

ताई

३ जुलै

ताई,

मशीन उघडून काही दिवस झाले. गाळा दुसऱ्या कुणीतरी घेतला, तिथे आता चपलांचं दुकान आहे. मी त्या रस्त्याने जात नाही.

आज जे झालं ते तुम्हाला लिहायलाच हवं.

दुपारची गर्दी होती. एक मुलगी आली, तुमच्या वसतिगृहातल्या मुलींच्या वयाची. पर्स कापलेली, फोन गेलेला, तिकिटाचे पैसे गेलेले. रडून रडून तोंड सुजलेलं. म्हणाली, मावशी, एक फोन करू देता का बाबांना? चहावाला तिच्यामागून मला मान हलवून नको नको करत होता. माझाही हात आपोआप फोनवर घट्ट झाला. तिच्या चेहऱ्यावरून खरं-खोटं काही कळत नव्हतं. त्या दोघांच्या चेहऱ्यांवरूनही कळलं नव्हतं.

मी म्हटलं, फोन देणार नाही, पण लावून देते. नंबर सांग. माझ्या बोटांनी लावला, माझ्याच हातात धरला आणि आवाज मोठा केला.

बाप म्हणाला, कोण? मी म्हटलं, स्टँडवरून बोलतेय, तुमची मुलगी इथे आहे, तिचा फोन चोरीला गेला. त्याने ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा उचलला आणि म्हणाला, असे खूप पाहिलेत.

माझंच वाक्य, ताई. जसंच्या तसं.

मी म्हटलं, दादा, ठेवू नका, मी पाया पडते. मला पैसे नकोत, एक छदाम पाठवू नका. तुमच्या मुलीला असं काहीतरी विचारा जे तुम्हा दोघांनाच माहीत आहे, आणि तिच्याच तोंडून ऐका. खूण ठरलेली नसेल तरी चालेल, काहीही विचारा. ठेवू नका फक्त. माझा आवाज चढला होता, लोक थांबून बघायला लागले होते.

त्याने ठेवला नाही. मग त्याने विचारलं, तिला विचारा, लहानपणी तिला झोपवताना मी काय मोजायचो? मुलीने हुंदका दिला आणि म्हणाली, बाबा, छताच्या फळ्या, आणि सतराव्या फळीला तुम्हीच झोपायचात.

पलीकडचा माणूस रडायलाच लागला. म्हणाला, तिला तिथेच बसवून ठेवा, बाई, हलू देऊ नका. मी निघालो.

मुलीला रडण्यात ऐकू आलं नव्हतं. तिने माझा हात धरून विचारलं, मावशी, काय म्हणाले बाबा?

मी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, निघालेत.

संध्याकाळी ते खरोखरच आले.

तुमची,
शिंपीणबाई